स्पर्धेतल्या जलतरणपटूचे कपडे: टेक सूट सर्वांत शेवटी घ्या

शर्यतीचं सामान घ्यायला निघालेल्या बहुतेकांची नजर आधी टेक सूटवर, म्हणजे अंग आवळणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या शर्यतीच्या कॉस्च्युमवर जाते. पदकं घेणाऱ्यांच्या अंगावर तोच दिसतो, म्हणून वेग त्याच्यातच आहे असं वाटतं. आमचा खरेदीचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी डोळ्याला नीट बसणारा गॉगल, मग क्लोरीनला पुरून उरणारा सरावाचा कॉस्च्युम, त्यानंतर पाण्याबाहेर अंग गरम ठेवणारा पार्का, आणि टेक सूट सर्वांत शेवटी. टेक सूट हंगामात मोजक्या शर्यतींना अंगावर चढतो, बाकीचं सगळं रोज लागतं. शिवाय डाइव्हलाच गॉगलमध्ये पाणी शिरलं तर सूट कितीही भारी असो, टर्नला भिंत दिसत नाही.

सरावाचा कॉस्च्युम

आधी आतलं लेबल वाचा. सरावाच्या कॉस्च्युमची कापडं मुख्यतः दोन प्रकारची. पहिलं नायलॉन आणि इलास्टेनचं, साधारण ८०-२० प्रमाणातलं, ज्याला सगळे सरसकट लायक्रा म्हणतात. ते मऊ असतं, भरपूर ताणलं जातं आणि पहिल्याच दिवशी अंगाला बसतं. पण त्याचा सगळा ताण इलास्टेनवर अवलंबून असतो. इलास्टेन म्हणजे पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्या, आणि पाण्यातलं क्लोरीन नेमक्या त्याच तोडतं. रोजचा सराव असेल तर हा कॉस्च्युम पाहता पाहता उतरणीला लागतो. रंग उडतो, बुडाजवळचं कापड विरून उजेडात आरपार दिसू लागतं, शिवणीजवळ बारीक तुटके पांढरे धागे वर येतात, आणि पुश-ऑफ घेतला, म्हणजे पायांनी भिंत रेटून निघालं, की पाठीकडे पाणी भरून कापड लोंबतं. पांढरे धागे दिसले की कॉस्च्युम संपला असं समजा. एक माप लहान घेऊन किंवा नाडी घट्ट बांधून तो परत येत नाही.

दुसरं कापड पॉलिएस्टर आणि पीबीटीचं. पीबीटी हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार. त्याचा ताण धाग्याच्या स्वतःच्या रचनेतून येतो, त्यात इलास्टेन लागत नाही, त्यामुळे क्लोरीनला तोडायला फारसं काही मिळत नाही. स्पीडो कंपनीचं एन्ड्युरन्स प्लस हे कापड याच जातीचं, अर्धं पॉलिएस्टर आणि अर्धं पीबीटी. आठवड्याला चारपेक्षा जास्त सत्रं असतील तर आम्ही दुसरं काही सुचवणार नाही. तोटे आहेतच. हे कापड कमी ताणलं जातं, चढवताना हट्टी वाटतं, आणि काखेत पट्ट्याची कड नवी असताना घासते. पण पहिल्या आठवड्यात जसं बसतं तसंच पुढेही बसत राहतं, आणि रोज तासन्‌तास पाण्यात असणाऱ्याला हेच हवं असतं. मधला पर्याय म्हणजे क्लोरीनला तोंड देणारं इलास्टेन, उदाहरणार्थ एक्स्ट्रा लाइफ लायक्रा. साध्या लायक्रापेक्षा ते नक्कीच जास्त टिकतं, पण पीबीटीची बरोबरी करत नाही.

माप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा: कापड पाण्यात सैल होतं, कधी घट्ट होत नाही. कोरडा असताना जो आरामात बसतो तो पाण्यात ढिला पडणार. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात पाहू नका. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांत अडकवून स्ट्रीमलाइन करा आणि तसेच पुढे वाका. मुलींच्या कॉस्च्युममध्ये गळ्याशी फट पडली तर प्रत्येक पुश-ऑफला तिथून पाणी आत शिरून पोटाशी फुगा होईल. कमरेला मागे चिमटीत कापड गोळा होत असेल तर तो मोठा आहे. उलट पट्टे खांद्यात रुतत असतील पण कंबर आणि नितंब व्यवस्थित असतील, तर एक माप मोठं घेऊ नका. तुमचं धड लांब आहे, त्यासाठी लांब धडाची वेगळी मापं मिळतात किंवा पट्टे बांधून जुळवता येणारी बनावट मिळते. एक माप वर गेल्यावर पट्ट्यांचा प्रश्न सुटतो, पण नितंबाशी सैलपणा येतो आणि तो जास्त नडतो.

मुलांच्या ब्रीफ किंवा जॅमरची (मांड्या झाकणाऱ्या घट्ट चड्डीची) परीक्षा नाडी न बांधता घ्यायची. नाडीशिवाय उड्या मारूनही जागचा हलला नाही तर माप बरोबर. नाडी फक्त डाइव्हच्या धक्क्यासाठी असते, सैल कमर आवळण्यासाठी नाही. सरावात ब्रीफ की जॅमर, हा प्रश्न आवडीचा. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना मांड्या मोकळ्या राहतात म्हणून ब्रीफ बरी वाटते.

काळजी घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी बहुतेक कॉस्च्युम याच हयगयीने मरतात. पोहून झाल्यावर अंगावर असतानाच शॉवरखाली धुवून घ्या, काढल्यावर थंड पाण्यात पुन्हा खळबळा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत रात्रभर ठेवलेला कॉस्च्युम क्लोरीन मुरवत बसतो. गरम पाण्याच्या टबात किंवा सौनात तो घालून कधीही बसू नका. उष्णतेने क्लोरीनचा मारा आणखी जोरात होतो. तलावाच्या खरबरीत काठावर बसल्याने बुडाचे धागे ओढले जातात, म्हणून खाली टॉवेल टाका. दोन कॉस्च्युम आलटून पालटून वापरले तर दोघांचंही आयुष्य वाढतं, कारण ताणलेल्या कापडाला पूर्ववत व्हायला आणि पूर्ण वाळायला एक दिवस मिळतो.

ड्रॅग सूट, म्हणजे जाळीदार जादा कॉस्च्युम वरून घालून मुद्दाम पाण्याचा विरोध वाढवणं, हा प्रकार अनुभवी पोहणाऱ्यांसाठी ठीक आहे. ज्यांचे पाय अजून खाली जातात त्या लहान मुलांवर तो लादू नये. तो कंबर आणखी खाली ओढतो आणि चुकीची पोझिशन पक्की होते.

गॉगल

गॉगलचं एकच खरं मोजमाप: पट्टा न लावता डोळ्यावर किंचित दाबला तर तो दोन-तीन सेकंद स्वतःच्या जोरावर चिकटून राहिला पाहिजे. चिकटला नाही तर त्याचा आकार तुमच्या डोळ्याच्या खोबणीला जुळत नाही, आणि पट्टा आवळून हे दुरुस्त होत नाही. आवळल्याने रबराची कड वाकडी होते, गळती वाढते आणि डोकं दुखतं. नाकाकडच्या कोपऱ्यातून पाणी येत असेल तर दोष बहुतेक नाकपट्टीच्या मापात असतो. स्पीडोच्या व्हँक्विशरसारख्या गॉगलमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या नाकपट्ट्या सोबत येतात. एक-एक बदलून पाहा, ज्या पट्टीने दोन्ही काचा एकाच वेळी डोळ्यावर टेकतात ती ठेवा.

शर्यतीसाठी गॉगल सपाट हवा. सरावाच्या गॉगलची मोठी रबरी कड आरामदायक असते, पण डाइव्हला पाणी तिच्यावर आदळून गॉगल खाली ओढतं. अरेना कंपनीचा कोब्रा किंवा स्पीडोचे फास्टस्किन गॉगल चेहऱ्याला चिकटून बसतात आणि बाजूने बाहेर काही येत नाही. ते घेतले तरी आधी सरावात किमान दोन आठवडे वापरा, त्यात डाइव्ह मारून पाहा. स्पर्धेच्या सकाळी नवीन गॉगल काढणं हा टाळता येणारा धोका आहे.

स्वीडिश गॉगलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तो स्वस्त आहे, अगदी साधा आहे आणि तरी जगातल्या उत्तम जलतरणपटूंच्या डोळ्यांवर तो दिसतो. स्वीडनच्या माल्मस्टेन कंपनीने लोकप्रिय केलेल्या या गॉगलला रबराची कडच नसते. कडक पॉलिकार्बोनेटची काच थेट डोळ्याच्या हाडावर बसते. पाकिटातून सुटे भाग निघतात: दोन काचा, लेटेक्सचा पट्टा, बारीक दोरी आणि एक छोटी प्लॅस्टिकची नळी. जोडणी स्वतः करायची. नळी नाकाच्या रुंदीइतकी कापायची, पण एका झटक्यात नाही. आधी थोडी जास्त ठेवा, दोरी ओवून आरशात बसवून पाहा, मग एक-दोन मिलिमीटर कमी करा. जास्त कापली गेली तर काचा नाकावर चढतात आणि आतल्या कोपऱ्यातून गळतात. दोरी नळीतून घालून एका काचेच्या आतल्या भोकातून काढा, नळीतूनच परत आणा, दुसऱ्या काचेतून काढून गाठ मारा आणि गाठ ओढून नळीत लपवा. गाठ बाहेर राहिली तर नाकाला टोचत राहते. काचेच्या कडेला साच्याची बारीक रेघ राहिलेली असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने दोन-चार वेळा हलकेच घासा. पहिले चार-पाच दिवस डोळ्याभोवती वळ उठतात. हाडाला सवय होते, पण ज्यांची खोबण खोल आहे किंवा फारच सपाट आहे त्यांना हा गॉगल कधीच बसत नाही. त्यांनी अट्टहास करू नये.

पट्ट्याचा कोनही महत्त्वाचा. दोन पट्टे असतील तर एक डोक्याच्या उंच भागावर आणि दुसरा त्याच्या थोडा खाली, कानांच्या वरून. दोन्ही एकाच रेषेत ठेवले की डाइव्हच्या वेळी गॉगल वर किंवा खाली घसरतो. तरीही घसरत असेल तर गॉगल बदलण्याआधी डाइव्ह पाहा. पाण्यात शिरताना हनुवटी वर राहिली तर पाणी थेट गॉगलच्या वरच्या कडेवर आदळतं. डोकं दंडांच्या मध्ये दाबून ठेवल्यावर बहुतेकांची तक्रार संपते.

काचेचा रंग तलावाप्रमाणे. बंदिस्त तलावात पारदर्शक किंवा फिकट निळी, उघड्या तलावात धुरकट किंवा आरशासारखी. बॅकस्ट्रोकवाल्याने उन्हात आरसा काच घ्यावीच, कारण भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या पताका त्याला आकाशाकडे तोंड करूनच पाहायच्या असतात. मंद उजेडाच्या हॉलमध्ये मात्र गडद काचेने तळाच्या रेषेचा शेवट आणि भिंतीवरची खूण दिसत नाही, टर्न चुकतो. त्यामुळे स्पर्धेला जाताना दोन रंगांचे गॉगल बरोबर असावेत.

काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून पातळ थर दिलेला असतो. त्याला बोट किंवा टॉवेल लावला की तो निघून जातो, मग कितीही फवारे मारले तरी मूळची गोष्ट येत नाही. धुवायचा तर नुसत्या पाण्यात बुडवून झटका. याला अपवाद अरेनाच्या स्वाइप प्रकारच्या काचांचा. त्या मुद्दाम ओल्या असताना आतून बोट फिरवण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि बोट फिरवल्यावर वाफ जाते. साध्या गॉगलला ही सवय लावू नका.

कॅप

कॅप केस कोरडे ठेवत नाही, ही अपेक्षा सोडून द्या. तिचं काम डोकं गुळगुळीत करणं आणि केस डोळ्यांत, तोंडात येऊ न देणं. लेटेक्स पातळ, हलकी आणि डोक्यावर पकड चांगली, पण केस ओढते, लवकर फाटते आणि काहींना तिची ॲलर्जी असते. सिलिकॉन जाड, टिकाऊ, काढता-घालताना केसांना त्रास कमी, मात्र गुळगुळीत केसांवर घसरते. कापडी लायक्राची कॅप शर्यतीत कामाची नाही, त्यातून पाणी आरपार जातं. शर्यतीला डोम कॅप घ्या. ती डोक्याच्या आकारात साच्यातूनच निघते, त्यामुळे मागे घडी किंवा सुरकुती राहत नाही. साध्या सपाट कॅपची मागची घडी प्रत्येक डाइव्हला पाण्यात ओढ निर्माण करते.

बरेच जण दोन कॅप घालतात: आत लेटेक्स, त्यावर गॉगलचा पट्टा, आणि वरून सिलिकॉनची डोम. पट्टा दोन थरांमध्ये दाबला जातो, त्यामुळे गॉगल जागचा हलत नाही आणि वरची कॅप निघाली तरी आतली राहते. ही पद्धत आम्हाला पटते. केस लांब असतील तर अंबाडा डोक्याच्या शिखरावर नको, मागे खाली, मानेच्या थोडं वर बांधा, म्हणजे डोम वर टोकासारखी उभी राहत नाही. जाड किंवा कुरळ्या केसांसाठी मोठ्या आकाराच्या कॅपचा प्रश्न टोकियो ऑलिंपिकच्या वेळी गाजला होता. सोल कॅप ही अशीच मोठी कॅप तेव्हा नाकारली गेली आणि २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. केस जास्त असलेल्यांनी साध्या कॅपमध्ये डोकं कोंबण्यापेक्षा मोठी कॅप घ्यावी. वापरून झाल्यावर आतून पुसून वाळवा आणि लेटेक्सवर थोडी पावडर भुरभुरवा, नाहीतर दोन्ही बाजू चिकटून फाटतात.

टेक सूट

आजच्या टेक सूटकडून काय अपेक्षा ठेवायची हे समजायला २००८ आणि २००९ ही दोन वर्षं माहीत असावी लागतात. २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला. त्यात पॉलियुरेथेनचे तुकडे होते आणि शिवण शिवलेली नव्हती, जोडलेली होती. पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांनी पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट काढले. हे कापड पाणी आत घेत नव्हतं आणि अंगाशी हवा अडकवत होतं, त्यामुळे शरीर वर तरंगत होतं. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या पॉल बीडरमनने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकेल फेल्प्सला मागे टाकत १:४२.०० अशी वेळ दिली. त्यानंतर फिना या जलतरणाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आजच्या वर्ल्ड ॲक्वाटिक्सने, १ जानेवारी २०१० पासून नियम बदलले. सूट फक्त विणलेल्या कापडाचा हवा, जाडी ०.८ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, कापडातून हवा आरपार गेली पाहिजे, तरंगण्याचा जोर ०.५ न्यूटनपेक्षा जास्त नको, चेन नको. पुरुषांचा सूट बेंबीच्या वर जाऊ नये आणि गुडघ्याच्या खाली येऊ नये. स्त्रियांचा खांदे ओलांडू नये, मान झाकू नये आणि गुडघ्याखाली जाऊ नये.

म्हणजे आजचा कुठलाही सूट तुम्हाला तरंगवत नाही. तो दोन गोष्टी करतो. मांड्या आणि नितंब आवळून अंगाची हलणारी, थरथरणारी जागा कमी करतो, आणि पाणी झटकणाऱ्या लेपामुळे ओला होऊन जड होत नाही. तिसरा फायदा कमरेच्या आधाराचा. घट्ट सूटमध्ये पोट आत आणि कंबर सरळ ठेवणं सोपं जातं, पाय वर राहतात. ज्याची पोझिशन आधीच चांगली आहे त्याला हे जाणवतं. ज्याची नाही त्याला सूट वाचवत नाही.

कापड बहुतेक नायलॉन आणि इलास्टेनचंच, फक्त इलास्टेनचं प्रमाण सरावाच्या कॉस्च्युमपेक्षा बरंच जास्त आणि विणकाम फार घट्ट. काही कंपन्या एकाच नावाखाली दोन स्वभावांचे सूट देतात, आणि निवड इथेच चुकते. स्पीडोमध्ये प्युअर इंटेंट जास्त आवळणारा, प्युअर व्हॅलर हलका आणि लवचीक. मिझुनोच्या जीएक्स-सॉनिकमध्ये एसटी स्प्रिंटसाठी ताठ, एमआर जास्त मोकळा. अरेनाच्या कार्बन मालिकेत कापडात कार्बनचे धागे विणलेले असतात. त्यातला कार्बन एअर मऊ, कोर एफएक्स जास्त आवळणारा. टायर (TYR) कंपनीचा व्हेन्झो गुळगुळीत कापडावर भर देतो. आमचं मत असं: ५० आणि १०० मीटरच्या फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायला ताठ सूट चालतो. २०० आणि पुढच्या अंतरांना, मेडलीला (चारही स्ट्रोकच्या शर्यतीला), आणि ब्रेस्टस्ट्रोकला तर हमखास, लवचीक सूट घ्या. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये गुडघे बाहेर फिरतात. ताठ सूट ती फिरकी अडवतो आणि पन्नास मीटरनंतर मांड्या जड होतात. मुलींना उघड्या पाठीचा की बंद पाठीचा, हाही प्रश्न येतो. बंद पाठीमुळे कमरेचा आधार वाढतो, पण खांद्यावर ओढ जास्त येते. बटरफ्लायमध्ये खांदे वर येताना ही ओढ नडत असेल तर उघड्या पाठीचाच घ्या.

चढवणं हे एक वेगळं कौशल्य आहे, आणि सूट फाटतात ते पाण्यात नाही, कपडे बदलण्याच्या खोलीत. पहिल्या वेळी अर्धा तास हाताशी ठेवा. अंग पूर्ण कोरडं हवं, लोशन किंवा तेल लावलेलं नको. नखं कापा, अंगठ्या काढा. पायावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, म्हणजे टाच अडकत नाही. मग पिशवी खालून काढून घ्या. सूट आतून बाहेर अर्धा गुंडाळून घ्या आणि दोन्ही पायांची खालची कड आधी तिच्या शेवटच्या जागी, गुडघ्याच्या थोडं वर आणून बसवा. यानंतर कापड तळव्यांनी आणि बोटांच्या पेरांनी पकडून, एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर, मांडीवरून वर सरकवत न्या. आतल्या मांडीकडे जास्त लक्ष द्या. बहुतेक जण इथे उतावीळ होऊन कमरेची पट्टी धरून वर ओढतात. तसं केलं की पायांची कड वर चढते, जांघेत दोन बोटांची फट राहते आणि सगळा ताण जोडलेल्या शिवणीवर येऊन ती उकलते. जांघेत कापड अंगाला भिडल्याशिवाय नितंबावर चढवू नका. शिवण किंवा कड चिमटीत धरून कधीच ओढू नका.

मुलींनी वरचा भाग बाजूंनी वर घेत काखेपर्यंत आणावा, मग एक पट्टा आणि नंतर दुसरा. दुसऱ्या पट्ट्याला मदतनीस लागतो. पट्टे शर्यतीच्या थोडंच आधी चढवा, तोपर्यंत खांद्यावरून खाली ठेवा, श्वास मोकळा राहतो. शेवटी दोन उठाबशा काढा, स्ट्रीमलाइन करा, ब्रेस्टस्ट्रोकची किक हवेत करून पाहा. पावलांना मुंग्या येत असतील किंवा पूर्ण श्वास घेता येत नसेल तर माप लहान आहे. कमरेच्या मागे सुरकुती, मांडीच्या कडेशी फट, डाइव्हनंतर आत पाणी: माप मोठं आहे. उभं राहिल्यावर खांदे पुढे ओढले जाणं मुलींच्या सूटमध्ये स्वाभाविक आहे. आडवं झाल्यावर, हात पुढे गेल्यावर तो ताण सुटला तर माप बरोबर.

आयुष्य कमी असतं, हे मान्य करूनच घ्यायचा. पाणी झटकण्याचा लेप आणि आवळण्याची ताकद दोन्ही सुरुवातीच्या थोड्याच वापरांत उत्तम असतात, मग हळूहळू उतरतात. कसं ओळखायचं? वाळलेल्या सूटवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यांसारखे टिकून राहिले तर लेप जिवंत आहे, कापडात मुरले तर गेला. चढवायला अचानक सोपा झाला असेल तर तो सैलावला. जुना सूट फेकू नका. लहान स्पर्धा आणि प्राथमिक फेऱ्यांना तो वापरा, नवा मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी राखा. वॉर्मअप त्यात कधीच नको, वॉर्मअपला सरावाचा कॉस्च्युम. शर्यत झाली की लगेच उतरवा, थंड साध्या पाण्यात खळबळा, टॉवेलवर आडवा पसरून सावलीत वाळवा. मशीन, साबण, ड्रायर, ऊन काहीही नको. त्यावर नाव किंवा चिन्ह इस्त्रीने छापून घेऊ नका, उष्णतेने इलास्टेन आणि जोड दोन्ही जातात.

मान्यता असलेल्या सूटवर मागच्या बाजूला वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या मान्यतेची खूण आणि क्रमांक असतो, जुन्या सूटवर फिनाचं नाव. तो क्रमांक मान्यताप्राप्त सूटच्या यादीशी ताडून पाहा. ती खूण नसलेला हुबेहूब सूट घेऊन मोठ्या स्पर्धेत उतरलात तर पोहण्याआधीच बाद व्हाल. एकावर एक दोन सूट आणि अंगावर टेप, हेही चालत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी टेक सूट आम्ही ठामपणे नाकारतो. अमेरिकेत यूएसए स्विमिंगने सप्टेंबर २०२० पासून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना बहुतेक स्पर्धांत तो वापरायला बंदी केली. त्या वयात वेळ सुधारते ती तंत्राने आणि वाढत्या उंचीने. सूटमुळे मिळालेली सुधारणा कोणती आणि सरावाची कोणती, हेच कळेनासं होतं. शिवाय मूल पुढच्या हंगामात त्या मापात बसतही नाही.

उघड्या पाण्यातल्या (समुद्र, नदीतल्या) शर्यतींना वेगळे, घोट्यापर्यंतचे कापडी सूट मान्य आहेत. थंड पाण्यासाठी निओप्रीनचे वेटसूट असतात, त्यांना परवानगी आहे की नाही हे त्या दिवशीच्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. तिथे मान आणि काख घासू नये म्हणून लॅनोलिन हे चिकट मलम लावतात. ते लावताना हातमोजे घाला, नाहीतर तेच बोट गॉगलच्या काचेला लागतं आणि काच धुरकट होते.

पाण्याबाहेर

वॉर्मअप आणि शर्यत यांच्यात बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्या वेळात ओलं अंग झपाट्याने थंड होतं. स्नायू गार पडले की वॉर्मअपचा बराचसा फायदा जातो. म्हणूनच पार्का हा दिखाऊ कपडा नाही, तो कामाचा कपडा आहे. चांगल्या पार्कामध्ये बाहेरून पाणी न झिरपणारं नायलॉन, आतून जाड फ्लीस, लांबी गुडघ्यापर्यंत, मोठी टोपी आणि दोन्हीकडून उघडणारी चेन हवी. खालून चेन उघडता आली तर बसता येतं आणि पाय ताणता येतात. नितंबापर्यंतचं जॅकेट पुरत नाही, मांड्या उघड्या राहतात आणि किकचा सगळा जोर तिथूनच येतो. आत खोल खिसा असेल तर उत्तम, त्यात जादा गॉगल आणि जादा कॅप मावते. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी जमायच्या खोलीत, बसेपर्यंत पार्का अंगावरच ठेवा, डाइव्हच्या ब्लॉकमागे उभं राहिल्यावर काढा.

पार्का ओला असताना पिशवीत कोंबला की फ्लीसला वास धरतो आणि तो सहज जात नाही. थंड पाण्यात, चेन बंद करून, उलटा करून धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका. त्याचा थर फ्लीसच्या केसांवर बसून ऊब कमी होते आणि बाहेरच्या कापडाचा पाणी अडवण्याचा गुणही जातो.

पायात लोकरी मोजे आणि बंद बूट, कारण गार फरशी पायांतून उष्णता ओढते. फक्त तलावाच्या काठावर ये-जा करताना स्लाइड्स, म्हणजे पट्ट्याच्या उघड्या चपला. त्यांच्या तळव्याला खाचा आणि पाणी जायला भोकं हवीत. गुळगुळीत तळव्याच्या स्लाइड्सने ओल्या फरशीवर घसरून खांदा किंवा मनगट दुखावलं तर हंगाम गेला.

टॉवेलऐवजी शॅमी बाळगणं सोयीचं. पीव्हीए या स्पंजसारख्या कृत्रिम पदार्थाचा हा तुकडा अंगावरचं पाणी झटकन शोषतो, पिळला की पुन्हा तयार होतो, दिवसभरात चार शर्यती असतील तर एकच पुरतो. वाळला की तो पुठ्ठ्यासारखा कडक होतो, म्हणून दमट अवस्थेतच डब्यात ठेवतात, आणि तिथेच बुरशी धरते. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, वापरण्याआधी पुन्हा भिजवा. ओलं सामान जाळीच्या पिशवीत आणि टेक सूट कोरड्या कापडी पिशवीत वेगळा ठेवा. फिन्सच्या (पायात घालायच्या) कडा आणि पॅडल्सचे (हाताला लावायच्या) कोपरे त्याच्या कापडाला लागले की धागा ओढला जातो, आणि तिथूनच पुढच्या वेळी चढवताना तो फाटतो.